देवाचे मौन आणि माणसाची नीती

ईश्वर आहे किंवा नाही, हा वाद आपल्या घरांना नवा नाही. नांदेडच्या किंवा लातूरच्या कित्येक सुशिक्षित कुटुंबांत दिवेलागणीच्या वेळी आजी देवापुढे निरांजन लावीत असते, आणि त्याच घरातील महाविद्यालयात शिकणारा नातू ‘हे सारे कशासाठी?’ असे विचारीत असतो. वाद सुरू होतो ईश्वराच्या अस्तित्वावरून. पण थोड्याच वेळात तो नीतीवर येऊन ठेपतो. देवाचे भय सुटले की माणूस मोकाट सुटतो, असे एका पक्षाचे म्हणणे. देवाच्या नावाखालीच जगात अधिक अनर्थ झाले, असे दुसऱ्याचे. दोन्ही पक्षांना दाखल्यांची वाण पडत नाही आणि म्हणूनच वाद जिथल्या तिथे राहतो.

या वादाचा निकाल लावण्याचा माझा मानस नाही. तो अधिकारही माझा नव्हे. मला एवढेच पाहावयाचे आहे की, हा निकाल लागेपर्यंत नीतीला थांबून राहावे लागते काय? त्यासाठी प्रथम दूरच्या स्वीडन देशातील एका चित्रपटाकडे आणि नंतर आपल्याच मराठवाड्यातील एका भयंकर रात्रीकडे मी आपले लक्ष वेधणार आहे.

हा चित्रपट इंगमार बर्गमन या दिग्दर्शकाचा. १९५७ साली तो प्रकाशित झाला. इंग्रजीत त्याला ‘द सेव्हन्थ सील’ म्हणतात. आपण ‘सातवी मुद्रा’ म्हणू. ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या अखेरच्या प्रकरणात असे वर्णन आहे की, सातवी मुद्रा फोडली गेली तेव्हा स्वर्गात सुमारे अर्धा तास शांतता पसरली. चित्रपटाचे नाव या शांततेवरून घेतलेले आहे. बर्गमन हे एका धर्मोपदेशकाचे पुत्र. लहानपणी वडिलांबरोबर खेड्यापाड्यांतील चर्चमध्ये जात असता तेथील जुनी भित्तिचित्रे ते न्याहाळीत बसत. स्टॉकहोमजवळच्या टेबी गावच्या चर्चमध्ये मृत्यू एका माणसाशी बुद्धिबळ खेळत असल्याचे पंधराव्या शतकातील चित्र आहे; त्यातूनच या कथेची मध्यवर्ती कल्पना निघाली.

कथा चौदाव्या शतकातील आहे. आंतोनियस ब्लॉक नावाचा एक सरदार दहा वर्षे धर्मयुद्धात घालवून मायदेशी परततो, तो देशात प्लेगने थैमान मांडलेले. समुद्रकिनाऱ्यावर काळ्या वस्त्रातील मृत्यू त्याच्यापुढे उभा राहतो. सरदार त्याला बुद्धिबळाच्या डावाचे आव्हान देतो आणि डाव चालेल तेवढी मुदत मागून घेतो. त्याला जगण्याचा लोभ फारसा नाही. ईश्वर आहे हे निश्चित कळावे, एवढीच त्याची आस आहे. नुसत्या श्रद्धेवर त्याचे समाधान होत नाही. त्याला ज्ञान हवे आहे. तो चर्चमध्ये जाऊन जाळीआडच्या धर्मगुरूपाशी आपले मन मोकळे करतो आणि डावातील आपली चालही बोलून जातो; पण जाळीआड बसलेला असतो तो मृत्यूच! मनुष्य आकाशाला प्रश्न विचारतो आणि आकाश उत्तर देत नाही, ही या सरदाराची व्यथा आहे.

त्याच्याबरोबर यॉन्स नावाचा सेवक आहे. हा पक्का नास्तिक. जगात रितेपणावाचून काही नाही असे त्याचे मत, आणि जीभ कात्रीसारखी. एका ओस गावात त्याला रावाल नावाचा मनुष्य भेटतो. हा रावाल एकेकाळी धर्मशास्त्राचा पंडित होता. त्यानेच सरदाराला धर्मयुद्धाला जाण्याची प्रेरणा दिली होती. आज तो प्रेतांच्या अंगावरचे दागिने ओरबाडीत हिंडतो आहे आणि एका अनाथ मुलीवर हात टाकावयाच्या बेतात आहे. यॉन्स तिला वाचवितो. पुढे एका खाणावळीत हाच रावाल योफ नावाच्या गरीब नटाला जळत्या पलित्याचे भय दाखवून अस्वलासारखा नाचावयास लावतो, तेव्हाही त्याला आवरण्यासाठी पुढे येतो तो यॉन्सच.

येथवर पाहणारास वाटेल की, हा चित्रपट नास्तिकाची तरफदारी करतो. परंतु बर्गमन यांची दृष्टी इतकी एकांगी नाही. तो गरीब नट योफ पूर्ण श्रद्धाळू आहे. त्याला देवमातेचे दर्शन होते, आणि बायको त्याला हसते. तो, त्याची पत्नी मिया आणि त्यांचे तान्हे मूल हे या काळोख्या कथेतील सर्वांत निर्मळ कुटुंब होय. आणि सरदार? त्याला ईश्वराचे ज्ञान शेवटपर्यंत मिळत नाही. मात्र डाव संपत आला असता, मृत्यूचा डोळा या कुटुंबावर आहे असे जाणून तो आपल्या झग्याने पटावरील सोंगट्या पाडतो. मृत्यू त्या पुन्हा मांडण्यात गुंततो, आणि तेवढ्या अवधीत योफची गाडी जंगलातून निसटते. सरदार डाव हरतो, पण तीन जीव वाचतात. मरण्यापूर्वी एक तरी अर्थपूर्ण कृत्य करावे, ही त्याची इच्छा अशा रीतीने पुरी होते. आणि तीसाठी त्याला स्वर्गाच्या उत्तराची वाट पाहावी लागली नाही.

या चित्रपटात एक छोटा प्रसंग आहे. तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याच रावालला अखेर प्लेग होतो. जंगलात आडव्या पडलेल्या झाडापलीकडे तो तडफडत आहे आणि पाण्यासाठी टाहो फोडीत आहे. ज्या मुलीवर त्याने हात टाकला होता, तीच पाणी घेऊन त्याच्याकडे धावू लागते. यॉन्स तिला धरून ठेवतो आणि म्हणतो की, त्याचा काही उपयोग नाही. यॉन्सचे म्हणणे शब्दशः खरे आहे. प्लेगच्या रोग्याला घोटभर पाण्याने जीवदान मिळत नाही. उलट पाणी देणारीलाच संसर्गाचे भय. बुद्धी यॉन्सच्या बाजूला आहे. तरीही पाहणाराचे मन त्या मुलीच्या पावलांबरोबर जाते. आपल्याकडे मरणाऱ्याच्या मुखात पाणी घालतात, ते तो त्याने जगेल म्हणून नव्हे. सरदाराला त्याच्या प्रश्नाचे उत्तर हवे होते, यॉन्सला कृतीचा उपयोग हवा होता. त्या मुलीला दोहोंपैकी कशाचीच गरज भासली नाही.

आता स्वीडनहून आपण आपल्या प्रांतात येऊ. प्लेगचे जे त्या काळच्या युरोपात झाले, तेच एका रात्रीत आपल्या लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात झाले. २९ सप्टेंबर १९९३ हा अनंत चतुर्दशीचा दिवस. गावोगावच्या मिरवणुका आटोपून, गणपती पोचवून लोक उशिरा घरी आले आणि थकून झोपी गेले. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूमी हादरली. भूकंपाचे मान सुमारे ६.२ होते. किल्लारी, सास्तूर आणि त्यांच्या आसपासची बावन्न गावे जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. ज्या देवाला काही तासांपूर्वी ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणून निरोप दिला होता, त्याच्या भक्तांपैकी कित्येकांना पुढचे वर्ष उरले नाही.

अशा वेळी ‘का?’ हा प्रश्न छातीतून आपोआप उमटतो. तो केवळ आपल्यालाच पडला असे नव्हे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने उद्ध्वस्त झाली. तो दिवस सर्व संतांच्या सणाचा होता आणि चर्चे भाविकांनी भरलेली होती. प्रार्थनेसाठी जमलेल्यांवरच छते कोसळली, तेव्हा युरोपातील विचारवंत हादरले. जे घडते ते सर्व भल्यासाठीच घडते या मतावर व्हॉल्टेअरने कठोर प्रहार केले ते याच अनर्थाच्या निमित्ताने.

आपल्या देशातही असा वाद झाला, आणि तो दोन थोर पुरुषांमध्ये झाला. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. महात्मा गांधी त्या वेळी अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर होते. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेले शासन होय, असे त्यांनी सांगितले. रवींद्रनाथ ठाकूर हे अस्पृश्यतेचे तितकेच कडवे विरोधक. परंतु त्यांना हे विधान मानवले नाही. नैसर्गिक उत्पाताचे कारण नैसर्गिकच असणार, आणि पापाचा असा संबंध जोडू लागल्यास उद्या सनातनी लोक हा कोप गांधींच्याच चळवळीमुळे झाला असे म्हणावयास मोकळे होतील, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. गांधीजींनी तो आक्षेप आपल्या ‘हरिजन’ पत्रात छापला, त्याला उत्तर दिले आणि आपले मत सोडले नाही. मात्र तेच गांधीजी पुढे बिहारमध्ये जाऊन पीडितांच्या साहाय्यकार्यात गढून गेले. दोघांच्या मतांत अंतर होते. ढिगाऱ्याखालच्या माणसाविषयीच्या कर्तव्यात नव्हते.

आपल्याकडे ईश्वरी कोपाच्या जोडीला आणखी एक उत्तर तयार असते. ते म्हणजे पूर्वकर्म. हे उत्तर शांतपणे दिले जाते, म्हणून त्यातील क्रौर्य चटकन ध्यानात येत नाही. पाळण्यातील मुलाचे असे कोणते कर्म होते की, ते भिंतीखाली गाडले जावे? ‘सातवी मुद्रा’मध्येही अंगावर आसूड ओढीत जाणाऱ्यांची एक मिरवणूक येते आणि त्यांचा पुढारी, हा प्लेग तुमच्याच पापाचे फळ आहे, असे जमलेल्यांना बजावतो. लोक गुडघे टेकून रडतात. रोगी मात्र तसाच पडून राहतो.

परंतु, श्रोतेहो, याच्या उलट टोकाला उभे राहून ‘हा केवळ निसर्गाचा खेळ, यात नीतीचा प्रश्नच नाही’ असे म्हणणे तरी बरोबर आहे काय? मला वाटते, नाही. जमीन का हालली याचे उत्तर भूगर्भशास्त्र देईल. पण माणसे का मेली? तितक्याच तीव्रतेचा भूकंप जेथे घरे मजबूत असतात तेथे इतके बळी घेत नाही. किल्लारीच्या भागातील जुनी घरे माळवदाची. भिंती ओबडधोबड दगडांच्या, मातीत रचलेल्या आणि हातभराहून अधिक जाड. उन्हाळ्याच्या तापापासून आणि चोरापासून घराचे रक्षण व्हावे म्हणून त्या तशा बांधल्या जात. भिंतीची आतली आणि बाहेरची फळी एकमेकींशी सांधणारे लांब दगड बहुधा घातलेले नसत. वर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर, आणि गळती थांबावी म्हणून त्यावर पुन्हा पुन्हा माती. भूमी हादरताच भिंतींच्या फळ्या फाकल्या आणि तो सारा भार निजलेल्या माणसांवर आला. ज्या गरिबांच्या झोपड्या कुडाच्या आणि गवताने शाकारलेल्या होत्या, त्या पडल्या तरी जीव घेण्याइतका भार त्यांत नव्हता. जड वाडे कोसळले आणि हलक्या झोपड्यांनी माणसे वाचविली. यात पापपुण्याचा हिशेब लावावयाचा झाल्यास भल्याभल्यांची त्रेधा उडेल. दगडमातीचा हिशेब मात्र तत्काळ लागतो.

शिवाय धोक्याची सूचना अगदीच मिळाली नव्हती असेही नाही. १९९२ सालीच किल्लारी परिसरात लहानमोठे धक्के बसले होते आणि लोक भयभीत झाले होते. पण हा सारा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित पट्ट्यात गणला जात असे. पुढे नकाशा बदलला. सर्वांत सुरक्षित मानलेला तो पट्टाच रद्द झाला, आणि लातूरचा हा भाग अधिक धोक्याच्या पट्ट्यात घालण्यात आला. परंतु त्यासाठी दहा हजार जीवांचे मोल पडले.

तेव्हा भूमीचे हालणे हे निसर्गाकडे, आणि भिंतीचे बांधणे हे माणसाकडे. या दोहोंमध्ये जी जागा उरते, तीच नीतीची जागा होय. जो पापाचा शोध करतो त्याचे भिंतीकडे लक्ष जात नाही. आणि जो सारे निसर्गावर टाकून मोकळा होतो, त्याचेही जात नाही. ईश्वर मानणारा आणि न मानणारा असे दोघेही या एकाच जागी कसास लागतात.

भूकंपानंतर हा कस अनेकांनी उतरविला. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथा यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. जैन परंपरा जगाचा कर्ता असा ईश्वर मानीत नाही, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. आपल्या देशात सांख्य, मीमांसक, बौद्ध आणि जैन यांनी जगत्कर्त्या ईश्वरावाचून आचारधर्माची उभारणी केली, आणि ती कित्येकदा ईश्वरवाद्यांहून अधिक कडक केली. त्यामुळे देव गेला की नीती गेली, हे भय आपल्या परंपरेस तरी फारसे शोभत नाही.

हे सारे जुन्या ग्रंथांतले झाले. नांदेडने याचे जिवंत उदाहरण पाहिलेले आहे. १९५० साली नांदेडात पीपल्स कॉलेज निघाले, त्यामागे प्रेरणा होती स्वामी रामानंद तीर्थ यांची. हैदराबाद संस्थानच्या मुक्तिसंग्रामाचे हे नेते भगवी वस्त्रे ल्यालेले संन्यासी होते. मोक्षाच्या वाटेने निघालेला हा पुरुष निजामाच्या तुरुंगात गेला, कारण लोकांची गुलामगिरी पाहून त्यांना एकट्याचा मोक्ष गोड वाटेना. याच कॉलेजात मराठीचे अध्यापक आणि पुढे प्राचार्य झाले नरहर कुरुंदकर. १९३२ साली जन्मलेला हा विद्वान आपण नास्तिक असल्याचे उघडपणे सांगे. मनुस्मृतीची त्यांनी परखड चिकित्सा केली; पण भरताच्या नाट्यशास्त्रापासून संतवाङ्मयापर्यंत परंपरेचा जेवढा व्यासंग त्यांनी केला, तेवढा कित्येक आस्तिकांनीही केला नसेल. आणि या नास्तिकाच्या मनात स्वामीजींविषयी नितांत आदर होता.

श्रोतेहो, हे कसे संभवले? एक संन्यासी, एक निरीश्वरवादी. ईश्वराच्या प्रश्नावर त्यांचे एकमत होणे शक्य नव्हते. परंतु मराठवाड्यातील दरिद्री घरच्या मुलाला शिक्षण मिळावे, माणसाने माणसाला हीन लेखू नये, अन्यायापुढे मान तुकवू नये, या गोष्टींसाठी दोघांनी आयुष्य वेचले. स्वामीजी १९७२ साली गेले. कुरुंदकर १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेस, व्यासपीठावर असतानाच गेले. वादाचा निकाल लागला नाही. पण तेवढ्यासाठी कॉलेजाचे वर्ग बंद राहिले नाहीत.

नांदेडचाच आणखी एक धागा आहे. गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ साली येथे देह ठेवला, म्हणून हे शहर साऱ्या जगातील शिखांचे तीर्थस्थान झाले. शीख परंपरेत त्यांच्या एका शिष्याची कथा सांगतात. आनंदपूरच्या लढाईत भाई कन्हैया जखमींना पाणी पाजीत हिंडत असे, आणि त्यात शत्रूचे सैनिकही असत. लोकांनी गुरूंकडे तक्रार नेली. कन्हैया म्हणाला, मला सर्वांच्या ठायी आपलेच मुख दिसते. गुरूंनी त्याला शासन केले नाही. उलट जखमांवर लावावयास मलम दिले. आता स्वीडनच्या चित्रपटातील ती मुलगी या कन्हैयाशेजारी उभी करून पाहा. कन्हैयाजवळ आपल्या कृतीचे कारण होते आणि ते ईश्वराचे होते. मुलीजवळ सांगण्यासारखे काहीच कारण नव्हते. पाणी मात्र दोघांच्या हाती सारखेच.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, या विवेचनात श्रद्धेचे मोल कमी होते. मला तसे वाटत नाही. ज्या माउलीचे सारे घर गाडले गेले तिला जर नामस्मरणाने रात्र काढण्याचे बळ मिळत असेल, तर ते बळ हिरावून घेण्याचा हक्क कोणत्याही तर्कपंडिताला नाही. श्रद्धा ही दुःख सोसण्याची शक्ती म्हणून आदरास पात्र आहे. ती दुसऱ्याच्या दुःखाचे कारण सांगू लागली आणि त्याला दोषी ठरवू लागली, म्हणजे मात्र तिने आपली मर्यादा ओलांडली असे समजावे. तीच गोष्ट नास्तिकतेची. ती माणसाला भयापासून सोडविते तोवर तिचा गौरव व्हावा. पण उपयोग नाही म्हणून ती पाण्याचा पेला अडवू लागली, तर तिलाही थांबविले पाहिजे.

हा विषय केवळ तात्त्विक आहे असे कोणी समजू नये. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ मानाचा भूकंप झाला आणि त्याचे धक्के नांदेड व परभणीपर्यंत जाणवले. त्याच वर्षी १० जुलैस पुन्हा तेवढाच धक्का बसला. मोठी हानी झाली नाही, हे आपले भाग्य. परंतु गावागावांतून दगडमातीच्या जुन्या भिंती उभ्या आहेत आणि त्यांच्याआड मुलेबाळे निजत आहेत. नव्या इमारतींतही सळई आणि सिमेंट यांत कोठे काटकसर झाली हे कंत्राटदाराला ठाऊक असते आणि ते आकाशातून कोणी सांगत नाही. अशा कंत्राटदाराने कामाच्या आरंभी नारळ फोडला किंवा न फोडला, याने काय होणार? त्याचा धर्म आणि त्याची नास्तिकता ही दोन्ही त्या खांबातच तपासावयाची आहेत.

आकाश बोलत नाही, ही गोष्ट आस्तिकालाही मान्य करावी लागते आणि नास्तिकालाही. पण ढिगाऱ्याखालून येणारी हाक दोघांनाही सारखीच ऐकू येते. आपल्या घरात या विषयावर वाद चालू द्यावेत, ते अवश्य चालावेत. फक्त त्या हाकेला उत्तर देण्याचे काम वाद संपेपर्यंत तहकूब ठेवू नये, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.